जुनी गाडी आणि वीस टक्के इथेनॉल : वाद कुठवर आला आहे

नांदेड-लातूर पट्ट्यात इथेनॉलचा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा वेगळ्या रूपात समोर येतो. इथे एकाच घरातला एक भाऊ कारखान्याला ऊस घालतो आणि दुसरा बारा-तेरा वर्षांपूर्वी घेतलेली अल्टो नाहीतर स्प्लेंडर रोज दामटतो. डिस्टिलरी चालली आणि उसाचे बिल वेळेवर जमा झाले की घराला बरे वाटते. गाडीचे ॲव्हरेज उतरले की त्याच घरात कुरकूर सुरू होते. त्यामुळे इथल्या माणसाला इथेनॉलच्या बाजूने किंवा विरोधात ठामपणे उभे राहणे परवडत नाही. त्याला प्रश्न नीट सुटा करून समजून घ्यावा लागतो. या लेखात तोच प्रयत्न आहे.

मागचा प्रवास

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळायची कल्पना आपल्याकडे जुनीच. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ साली, 'पॉवर अल्कोहोल'साठी वेगळा कायदा झाला होता. तो पुढे फारसा वापरात राहिला नाही आणि २००० साली रद्द झाला. आजच्या कार्यक्रमाची सुरुवात २००१ सालच्या तीन प्रायोगिक प्रकल्पांत आहे. त्यांतले दोन महाराष्ट्रात होते, मिरज आणि मनमाड. तिसरा उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आंवला इथे होता. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून परभणीसारख्या मराठवाड्यातल्या जिल्ह्याला पेट्रोल येते. म्हणजे हा प्रयोग सुरू झाला तो आपल्याच पुरवठ्याच्या वाटेवर.

जानेवारी २००३ पासून नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले. पुढे उसाची टंचाई, दराचे वाद आणि राज्यांचे मद्यार्कावरचे कर यांत कार्यक्रम अडखळत राहिला. २०१३-१४ मध्ये देशातले सरासरी मिश्रण अवघे १.५३ टक्के होते. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने वीस टक्क्यांसाठी २०३० चे साल ठरवले होते. ते नंतर पाच वर्षांनी अलीकडे आणले गेले. जून २०२१ मध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीचा आराखडा आला, जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले गेले, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल, म्हणजे ई-२०, मिळू लागले आणि २०२५ मध्ये ते देशभर रूढ झाले.

दहावरून वीसवर जायला तीन वर्षे लागली. रस्त्यावरच्या गाड्या मात्र तीन वर्षांत बदलत नसतात. वादाचे मूळ इथे आहे.

'जुनी' म्हणजे किती जुनी?

चर्चेतला बराच गोंधळ या एका शब्दाने केला आहे. आराखड्याप्रमाणे एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांतले रबर, प्लास्टिक आणि धातू ई-२० ला टिकणारे असायचे होते, आणि एप्रिल २०२५ पासूनच्या गाड्यांची इंजिनेही ई-२० साठी जुळवलेली असायची होती. त्याआधीच्या सगळ्या 'जुन्या' असे धरले तर त्यात निदान तीन वेगळ्या पिढ्या येतात.

पहिली पिढी कार्बोरेटरच्या चारचाकींची. पद्मिनी, अँबेसेडर, सुरुवातीच्या मारुती ८००. त्या आता थोड्या उरल्या आहेत आणि ज्यांच्याकडे आहेत ते त्यांना जिवापाड जपतात. दुसरी पिढी २००० च्या आसपासपासून आलेल्या इंजेक्शनच्या मोटारींची. यांत संगणक आहे, सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर आहे. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार २००८ पासून देशात बनलेल्या गाड्यांचे साहित्य दहा टक्क्यांना टिकणारे आहे, पण इंजिन पाच टक्क्यांना जुळवलेले. तिसरी पिढी दुचाकींची, आणि मराठवाड्यात संख्येने खरी मोठी हीच. बीएस-६ चे निकष एप्रिल २०२० मध्ये येईपर्यंत बहुतेक दुचाकी कार्बोरेटरवरच होत्या. सहा-सात वर्षांची चकाचक दिसणारी मोटारसायकल इंधनाच्या दृष्टीने तीस वर्षांपूर्वीच्या मोटारीच्या रांगेत बसते, हे बऱ्याच मालकांच्या लक्षात येत नाही. तिघींवर होणारा परिणाम एकसारखा असूच शकत नाही.

इंजिनात काय घडते

आधी ॲव्हरेज. यावर खरे तर वाद असायला नको. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एकतृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिसळले की हिशेबाने लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा घटते. नीती आयोगाच्या आराखड्यातले आकडे याच्याशी जुळतात. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीत सहा ते सात टक्के घट, तशाच दुचाकीत तीन ते चार टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी घडवून वीसला जुळवलेल्या चारचाकीत एक ते दोन टक्के. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी जुनी मोटार महिन्याला हजार किलोमीटर फिरत असेल तर सहा टक्के घटीने सव्वाचार लिटर जास्त लागते. पेट्रोल १०५ रुपये धरले तर महिन्याला साडेचारशेच्या आसपास. लिटरला साठ देणाऱ्या मोटारसायकलला तेवढ्याच अंतरासाठी साठ रुपयांच्या आसपास. गॅरेजमध्ये ऐकू येणारी वीस-पंचवीस टक्क्यांची घट निव्वळ इथेनॉलने होऊ शकत नाही. तिथे तुंबलेला एअर फिल्टर, झिजलेला प्लग, कमी हवेचे टायर यांचाही हात असतो. पण सहा टक्क्यांना 'नगण्य' म्हणणेही बरोबर नाही. रोज उदगीर-लातूर करणाऱ्या माणसाला ते खिशात जाणवते.

दुसरी गोष्ट मिश्रण पातळ होण्याची. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एका भागास वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त नऊ. इथेनॉल आपला ऑक्सिजन बरोबर घेऊन येते. वजनाच्या हिशेबात ई-२० मध्ये सात टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन असतो. इंजेक्शनच्या मोटारीत सेन्सर हे ओळखतो आणि संगणक इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. त्या दुरुस्तीला मर्यादा आहे, पण वीस टक्के साधारण त्या मर्यादेत बसतात. कार्बोरेटरला असे काही कळत नाही. त्याच्या जेटचे छिद्र तेवढेच राहते, आणि इंजिनाला इंधन कमी, हवा जास्त अशी स्थिती येते. सकाळी चोक जास्त वेळ ओढावा लागतो, पिकअप घेताना गाडी गचके देते, चढावर 'उचलत नाही', इंजिन थोडे तापते. मिस्त्री स्क्रू फिरवून किंवा एक नंबर मोठा जेट टाकून यातले बरेच सुधारतो. जुने कार्बोरेटर मुळातच जरा 'रिच' लावलेले असत, म्हणून काही गाड्यांत फरक जाणवतही नाही.

उन्हाळ्यातल्या 'व्हेपर लॉक'ची तक्रार मात्र तपासून पाहावी. मे महिन्यात नांदेडला पारा ४२-४३ वर जातो, जुन्या मोटारीच्या पंपात पेट्रोलची वाफ धरते आणि गाडी बंद पडते. इथेनॉलने पेट्रोल लवकर वाफाळते हे खरे आहे, पण हा परिणाम पाच-दहा टक्क्यांच्या आसपासच कळसाला पोहोचतो. वीस टक्क्यांना तो त्याहून वाढत नाही. म्हणजे या तक्रारीचे मूळ दहा टक्क्यांच्या काळातच असावे.

तिसरी गोष्ट रबराची, आणि इथे जवळून पाहायला हवे. दीड-दोन महिने उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर मिस्त्री उघडतो तेव्हा फ्लोटच्या वाटीच्या तळाशी कधी पांढुरकी पूड, कधी हिरवट चिकट थर मिळतो. वाटीची ओ-रिंग खोबणीतून बाहेर काढली की फुगलेली असते, परत बसवायला गेले तर बसत नाही. सुईच्या रबरी टोकाला घडी पडलेली असते, त्यामुळे पेट्रोल थांबत नाही आणि गाडी 'ओव्हरफ्लो' करते. साध्या रबराचा पाइप बोटांनी दुमडला तर त्यावर बारीक भेगा दिसतात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ इथेनॉलने सुटतो तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. जस्ताच्या मिश्रधातूचे आणि पितळेचे भाग ओलसर इथेनॉलमध्ये हळूहळू झिजतात. पण हीच लक्षणे नुसत्या वयानेही दिसतात. वीस वर्षांचा पाइप शुद्ध पेट्रोलमध्येही कडक होतो. वय आणि इथेनॉल यांचा वाटा वेगळा काढायचा तर तशी तुलना कुणीतरी मुद्दाम करायला हवी.

वाहन-संशोधन करणारी एआरएआय, डेहराडूनची भारतीय पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइल यांनी २०१४-१५ मध्ये अशी एक तपासणी केली होती. बहुतेक धातू आणि धातूंवरचे लेप ई-२० मध्ये ठीक राहिले. रबरी भाग साध्या पेट्रोलच्या तुलनेत कमी टिकले, एका जातीच्या नायलॉनची कामगिरीही घटली. तपासलेल्या गाड्या थंडीत आणि उष्णतेत सुरू झाल्या, बंद पडल्या नाहीत, इंजिनाच्या भागांची अवाजवी झीज आढळली नाही. ॲव्हरेज सहा टक्क्यांपर्यंत घटले. वादातल्या दोन्ही बाजू याच तपासणीचा आधार घेतात. एक बाजू इंजिनाबद्दलचे वाक्य उचलते, दुसरी रबराबद्दलचे.

चौथे पाणी. पंपावर मिश्रणाचे प्रमाण पाहण्याची एक साधी रीत आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत शंभर मिलिलिटर पेट्रोल घ्यायचे, त्यात दहा मिलिलिटर पाणी घालून हलवायचे आणि स्थिर होऊ द्यायचे. तळाचा पाण्याचा थर दहाचा तीसच्या आसपास होतो, कारण सगळे इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जाते. वर उरते ते कमी ऑक्टेनचे पेट्रोल. गाडीच्या टाकीत असेच घडले तर पाइप तळातून ओढतो ते पाणी आणि मद्यार्क. थोडी ओल ई-२० पेट्रोलात विरघळवून टाकते, ई-१० पेक्षा जास्तच. पण ती मर्यादा ओलांडली की खाली बसणारा थरही मोठा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावेच्या गावे पाण्यात गेली. अशा पुरानंतर बुडालेली गाडी टाकी रिकामी न करता सुरू करणे धोक्याचे, आणि पंपाच्या जमिनीखालच्या टाकीची तपासणी तर रोजच्या रोज हवी.

कोणाचे म्हणणे काय

केंद्र सरकारची भूमिका पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दोन निवेदनांतून मांडली. जुन्या गाड्यांना मोठे नुकसान होते याला आधार नाही, ॲव्हरेजमधली घट थोडी आहे, इथेनॉलचा ऑक्टेन १०८.५ असल्याने इंजिन ठोकत नाही. काही जुन्या गाड्यांत वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गास्केट बदलावे लागू शकतात आणि तो खर्च किरकोळ आहे, हेही त्यात मान्य केले आहे. वाचलेल्या परकीय चलनाचा २०१४-१५ पासूनचा आकडा मंत्रालय सुमारे १ लाख ४४ हजार कोटी रुपये सांगते. धुराबद्दलचा मुद्दाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार ई-२० ने दुचाकींतला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यापर्यंत आणि चारचाकींतला तीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. उलट ॲसिटाल्डिहाइडसारखी काही द्रव्ये वाढतात.

वाहनधारकांचा मुख्य आक्षेप निवड नसण्याला आहे. गाडीच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतचे इंधन वापरा असे छापलेले आणि पंपावर वीसच मिळते, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. इथेनॉल नसलेले शंभर ऑक्टेनचे पेट्रोल मोठ्या शहरांत मिळते, पण साध्याच्या दीडपट दराने. किनवट किंवा निलंग्याच्या माणसाला तो पर्याय नाहीच म्हणायचा. इथेनॉलमुक्त पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट पाटी असावी अशी मागणी करणारी जनहित याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाने फेटाळली. तिथे न्यायालयीन वाट मिटली, तांत्रिक प्रश्न तसाच राहिला.

वाहन कंपन्यांच्या संघटनेने वॉरंटी पाळली जाईल असे सांगितले, विमा अबाधित असल्याचे सरकारनेही स्पष्ट केले. पण पंधरा वर्षांच्या गाडीला वॉरंटी असतेच कुठे? आणि साधा मोटार विमा झिजेचे पैसे देत नाही, तो इथेनॉलच्या आधीही देत नव्हता. ही आश्वासने ज्यांना सर्वांत कमी गरज आहे त्यांच्याच उपयोगाची आहेत.

चौथी बाजू शेतीची. मांजरा काठच्या कारखान्यांना साखर पडून राहण्यापेक्षा इथेनॉलचे पैसे लवकर मिळतात, हा अनुभव आहे. पण तोही सरळ रेषेत नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर अचानक बंदी घातली, आठवड्याभरात १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत ती सैल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. त्या काळात मक्याने जागा घेतली आणि आज देशातले बरेचसे इथेनॉल धान्याचे आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारी पेंड सोयापेंडीशी स्पर्धा करते, आणि सोयाबीनचे दर पडण्यामागचे एक कारण म्हणून तेल उद्योग तिच्याकडे बोट दाखवतो. लातूरच्या आडत बाजारात हमीभावाखाली सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही लांबची गोष्ट नाही. पाण्याचेही तसेच. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा आकडा नीती आयोगाच्याच आराखड्यात आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला प्यायचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले होते.

बाहेर काय केले

ब्राझीलचे उदाहरण सरकार देते आणि ते खरे आहे. तिथे २०१५ पासून सत्तावीस टक्के, ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के इथेनॉल साध्या पेट्रोलात आहे. पण तिथला कार्यक्रम १९७५ चा, आणि २००३ पासून कोणत्याही मिश्रणावर चालणाऱ्या फ्लेक्स गाड्या तिथे विकल्या जातात. गाड्यांची पिढी आणि इंधन यांना एकमेकांशी जुळायला तिथे कित्येक दशके मिळाली. अमेरिकेने पंधरा टक्क्यांना २०१० आणि २०११ मध्ये परवानगी दिली ती फक्त २००१ आणि त्यानंतरच्या मोटारींना. आधीच्या मोटारी आणि सर्व मोटारसायकली वगळल्या, आणि त्यांच्यासाठी तिथल्या पंपांवर दहा टक्के मिळतच राहिले. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के आणताना महागड्या श्रेणीत पाच टक्के चालू ठेवले. जर्मनीत २०११ मध्ये दहा टक्के आले तेव्हा लोकांनी ते घेणेच टाळले, कारण आपली गाडी चालेल की नाही याची खात्रीची यादी त्यांच्या हाती वेळेत पडली नाही. अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनी या तिन्ही देशांत टक्केवारी आपल्यापेक्षा कमी होती आणि जुन्या गाडीला एक वाट उघडी होती.

ती वाट आपल्याकडेही सुचवलेली होती. नीती आयोगाच्या त्याच आराखड्यात जुन्या गाड्यांसाठी ई-१० हे 'संरक्षक' इंधन म्हणून चालू ठेवावे असे म्हटले आहे. शिवाय ऊर्जा कमी असल्याने जास्त इथेनॉलचे पेट्रोल साध्यापेक्षा स्वस्त विकावे, असेही. या दोन शिफारशी मागे पडल्या, आणि माझ्या मते लोकांच्या रागाचे मोठे कारण तेच आहे. यावर सरकारचे २०२५ मधले उत्तर असे की आराखडा लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते, आता नाही. जुलै २०२५ अखेर खरेदीची सरासरी लिटरला ७१.३२ रुपये होती. पंपचालकांची अडचणही खरी आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या लहान पंपावर पेट्रोलची एकच टाकी असते. दोन श्रेणी विकायच्या तर जमीन पुन्हा खणावी लागेल.

काय सुटलेले नाही

इंजिन उडेल, गाडी पेट घेईल ही भीती पुराव्यावर टिकत नाही. ॲव्हरेज घटते, आणि ते किती घटते हे बऱ्यापैकी माहीत आहे. उरतो तो रबराचा आणि दीर्घ काळाचा प्रश्न. प्रयोगशाळेतली चाचणी ठरावीक गाड्यांवर, ठरावीक तासांची असते. दहा वर्षे शेताच्या रस्त्यावर चाललेली, तीनदा मालक बदललेली, बाजारातले स्वस्त पाइप लावलेली कार्बोरेटरची दुचाकी त्या चाचणीत नसते. मराठवाड्यात चालते ती हीच. तिच्यावर चार-पाच वर्षे ई-२० ने काय होते याचा खुला, स्वतंत्र अभ्यास हवा आहे.

खर्च कोणी सोसायचा हेही ठरलेले नाही. कार्बोरेटरचे किट, पाइप आणि मजुरी मिळून होणारा खर्च एका कारखानदारासाठी किरकोळ असेल, पण मजुरी करणाऱ्याच्या मोटारसायकलसाठी तो आठवड्याच्या बाजाराएवढा असतो. ब्रेकच्या नळ्यांसारखेच इंधनाचे पाइपही ठरलेल्या मुदतीत बदलायचे, असे वेळापत्रक कंपन्यांनी आपल्या जुन्या मॉडेलांसाठी मराठीत प्रसिद्ध केले तरी बराच गोंधळ मिटेल. इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुओरोरबराचे भाग आता बनतात. कोणत्या जुन्या गाडीला कोणता भाग चालतो, ही यादी मिस्त्रीपर्यंत पोहोचायला हवी.

आणि पुढचा टप्पा. ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची बांधिलकी वीस टक्क्यांचीच आहे, असे मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले होते. सत्तावीस टक्क्यांची भाषा मात्र सुरू झाली आहे. एप्रिल २०२३ नंतर वीससाठी घेतलेली गाडी तेव्हा 'जुनी' ठरेल, आणि हाच वाद आणखी मोठ्या संख्येने उभा राहील. त्याआधी निदान माहिती गोळा करता येईल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि ती नव्याने करायला नांदेड, लातूर, उदगीरच्या परिवहन कार्यालयांत गाड्या तपासणीला येतात, पर्यावरण करही भरतात. त्याच वेळी प्रत्येक गाडीचा इंधनाचा पाइप, फिल्टर आणि कार्बोरेटरची अवस्था एका रकान्यात टिपली, तर दोन-तीन वर्षांत हजारो गाड्यांची नोंद तयार होईल. मग सत्तावीसची चर्चा त्या नोंदी समोर ठेवून करता येईल.